गोव्यात सायकल चालवणे आणि धावणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोवा नकाशावर लहान दिसतो. तेरेखोलपासून पोळेपर्यंतचा किनारा १०० किलोमीटरच्या थोडा पुढे. त्यामुळे बाहेरून येणारे अंतर बघून बेत आखतात आणि सकाळी दहाला एखाद्या बसस्टॉपच्या सावलीत बसून राहतात. इथे बेत आखायचा तो सूर्योदय, भरती-ओहोटी आणि फेरीबोटीच्या वेळा बघून. पुढची बहुतेक उत्तरे त्याच अंगाने दिली आहेत.

कोणते महिने चांगले?

डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीचा पूर्वार्ध. या दिवसांत पहाटेचे तापमान २० अंशांच्या आसपास उतरते, आतल्या तालुक्यांत त्याहून थोडे खाली. मार्चपासून हवेतला दमटपणा वाढत जातो आणि मे महिना सर्वांत जड. जून ते सप्टेंबर पावसाचे. तेव्हा ऊन नसते, हिरवळ डोळ्यांत मावत नाही, पण रस्ता निसरडा असतो. ऑक्टोबर अनेकांना फसवतो: पाऊस गेलेला, जमीन ओली, ऊन कडक आणि संध्याकाळी विजा. नवा सराव ऑक्टोबरात सुरू करू नका, नोव्हेंबरच्या मध्याची वाट पाहा.

सकाळी किती वाजता निघावे?

जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मेअखेर सहाच्या सुमारास. उगवतीच्या ३० ते ४५ मिनिटे आधी निघा आणि धावणे असेल तर उगवतीनंतर दीड तासात संपवा. सायकलवर अंगाला वारा लागतो, त्यामुळे साडेनऊपर्यंत निभावते. अंधारात निघताना पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. गावातल्या अरुंद वाटांवर सकाळी सहापासून पोदेर (पाव विकणारे), दूधवाले आणि शाळेच्या बसगाड्या असतात.

साष्टी आणि बार्देश तालुक्यांत रविवारी सकाळी चर्चच्या आसपासचे रस्ते मिसच्या प्रार्थनेसाठी आलेल्या गाड्यांनी भरतात. तिथे पायउतार होऊन चालत जा. शिगमोच्या दिवसांत शहरांमधले मुख्य रस्ते मिरवणुकीसाठी संध्याकाळी बंद असतात.

वारा कुठल्या दिशेने असतो?

हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे हलका मतलई वारा असतो. अकराच्या पुढे वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि दुपारी तो चांगलाच जोर धरतो. म्हणून किनाऱ्याच्या रस्त्यावर सकाळी उत्तरेकडे जा आणि परतताना दक्षिणेकडे या. उलट केले तर थकलेल्या पायांनी वाऱ्यावर चालवावे लागते, आणि ४० किलोमीटरचा फेरा ६० सारखा वाटतो.

तापमान फक्त ३१ अंश असताना एवढा दम का लागतो?

शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे, नुसता आल्यामुळे नव्हे. किनाऱ्यावर पहाटे हवेत आर्द्रता ८० ते ९० टक्के असते, घाम वाळत नाही, थेंब होऊन गळतो. शरीर मग त्वचेकडे जास्त रक्त पाठवते, स्नायूंच्या वाट्याला कमी येते, आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. पुण्याहून किंवा बेळगावहून आलेल्या धावपटूला पहिल्या आठवड्यात आपली तब्येत बिघडली असे वाटते ते यामुळेच.

सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. या काळात वेग घड्याळावर नव्हे, श्वासावर ठरवा: पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. पहिले चार दिवस ३० मिनिटे, मग दर दोन दिवसांनी १० मिनिटे वाढवा. आठवडाभर एसी खोलीत राहून फक्त शर्यतीच्या सकाळी बाहेर पडणाऱ्याला ही सवय लागत नाही.

पाणी किती आणि मीठ किती?

सगळ्यांना लागू होईल असा आकडा नाही, स्वतःचा काढावा लागतो. धावण्याआधी लघवी करून कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक तास नेहमीच्या वेगाने धावा, किती पाणी प्यालात ते लक्षात ठेवा. परत येऊन अंग पुसून पुन्हा वजन करा. समजा आधी ६८.० किलो, नंतर ६७.१, आणि मधे अर्धा लिटर प्यालात. घट ०.९ अधिक ०.५, म्हणजे तासाला १.४ लिटर घाम. ही चाचणी जानेवारीत एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा करा, आकडे वेगळे येतात.

सगळे भरून काढायचा प्रयत्न करू नका. वजनाच्या २ टक्क्यांपर्यंतची घट चालते. परत आल्यावर वजन वाढलेले दिसले तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यालात, आणि ते धोक्याचे आहे. रक्तातले सोडियम पातळ झाले की डोके दुखते, मळमळते, बोटे सुजतात, पुढे भान हरपते. लांब पल्ल्यात सावकाश जाणारे आणि प्रत्येक पाणपोईवर थांबणारे लोक यात सापडतात.

तासाभरापेक्षा जास्त वेळ बाहेर असाल तर घरचे पाणी असे करा: १ लिटर पाण्यात सपाट पाव चमचा मीठ, म्हणजे साधारण दीड ग्रॅम, आणि सहा चमचे साखर. लिंबू चवीपुरते. कोकमाचे आगळ घालणार असाल तर मीठ आधी घालू नका. आगळ खारवलेलेच असते, चाखून मग ठरवा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून.

शहाळे पुरेसे नाही का?

शहाळे उत्तम आहे, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम त्या मानाने कमी. घामातून जाते ते मुख्यतः सोडियम. शहाळ्यासोबत मिठाचा कण किंवा खारट काहीतरी खा, म्हणजे काम झाले.

नवख्याने पहिला फेरा कोणता करावा?

पणजी, रायबंदर, चोडण, मये, नार्वे, दिवाडी, जुने गोवे आणि परत पणजी. साधारण ४० किलोमीटर, फेरीबोटींसह तीन तास धरा. मोठा चढ जवळजवळ नाही, तीन ठिकाणी फेरीबोटीने नदी ओलांडायची आणि गोव्याचा मूळ चेहरा दिसतो तो इथेच.

पणजीहून पाट्टोचा पूल ओलांडला की रायबंदरला नेणारा कॉजवे लागतो. पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला हा तीनेक किलोमीटरचा रस्ता एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरे-कांदळवन घेऊन जातो. तो सातच्या आत पार करा. साडेआठनंतर कार्यालयीन गर्दीत तिथे बाजूला सरकायलाही जागा नसते. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीने चोडणला उतरलात की डाव्या हाताला सलीम अली पक्षी अभयारण्य. तिथल्या पायवाटेवर धावू नका, पक्षी उठतात. चोडण मागच्या बाजूने पुलाने मयेला जोडलेले आहे. मये तलावावरून नार्वेला या. श्री सप्तकोटेश्वराचे मंदिर इथे, शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला. नार्वेच्या धक्क्यावरून दिवाडी, दिवाडीत पिएदादच्या टेकडीचा एक छोटा पण खडा चढ, मग खाजनातून (भरतीच्या पातळीखालच्या शेतीतून) सरळ रस्ता आणि शेवटची फेरी जुन्या गोव्याला.

हा फेरा उलटा करू नका असे सुचवतो. उलट दिशेने आलात तर कॉजवे भर गर्दीच्या वेळी वाट्याला येतो. वर सांगितल्याप्रमाणे गेलात तर जुन्या गोव्यापासूनचा परतीचा पट्टा तेवढा वाहनांचा, पण तिथे रस्त्याला कडेची जागा तरी बरी आहे.

फेरीबोटीत सायकल नेता येते का?

येते. पायी प्रवाशांना भाडे नाही, पण दर आणि बोटी बदलत असतात, म्हणून खिशात सुटे पैसे असू द्या. उतरण्या-चढण्याचा लोखंडी उतार शेवाळाने आणि डिझेलने निसरडा असतो. सायकलवर बसून जाऊ नका, हातात धरून चाला. पेडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट असतील तर दुप्पट काळजी. बोटीत कठड्याजवळ, गाड्यांच्या पुढे न राहता कडेला उभे राहा. रात्री फेऱ्या विरळ होतात आणि काही धक्क्यांवर बंद, म्हणून संध्याकाळी बेटावर अडकू नये इतपत वेळ हाताशी ठेवा.

खाजनाच्या बांधावरून धावता किंवा सायकल चालवता येते का?

धावता येते, सायकल शक्यतो नाही. कारण समजून घेतले तर हा नियम कोणी सांगावा लागणार नाही.

खाजन म्हणजे भरतीच्या पातळीखाली असलेली शेती. खारे पाणी बाहेर ठेवतो तो मातीचा बांध, आणि आतले पाणी बाहेर सोडतो, बाहेरचे अडवतो तो मानस, म्हणजे बांधातला लाकडी झडपांचा दरवाजा. ओहोटीला झडप आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते, भरतीला बाहेरच्या दाबाने मिटते. ही रचना पोर्तुगीजांच्याही आधीची, गावकऱ्यांनी शतकानुशतके हाताने राखलेली. ओल्या बांधावर सायकलचे चाक गेले की सलग खाच पडते. पावसाचे पाणी त्या खाचेतून वाहते, खाच खोल होते, आणि उधाणाच्या दिवशी बांध तिथेच फुटतो. एकदा खारे पाणी शेतात शिरले की पुढचे एक-दोन हंगाम भात येत नाही. तुमच्या पंधरा मिनिटांच्या आनंदाची किंमत दुसरा मोजतो.

म्हणून: जून ते ऑक्टोबर बांधावर जाऊ नका. कोरड्या दिवसांत जिथे पायवाट मळलेली आहे तिथेच धावा, एकामागे एक. मानसावर उभे राहून फोटो काढू नका, फळ्या जुन्या असतात आणि खालचा ओढा जोरदार असतो. शेतकरी समोरून आला तर थांबून वाट द्या आणि विचारा. बहुतेक जण आनंदाने पुढची वाट सांगतात. बांधाच्या बाहेरच्या बाजूला कालवांचे शिंपले पातीसारखे धारदार असतात, अनवाणी उतरू नका. चोडण, दिवाडी, कुडतरी आणि मांडूर-आजोशी या भागांत असे बांध आणि त्यांना लागून पक्के रस्तेही आहेत. सायकलवाल्यांनी तो पक्का रस्ता धरावा, दृश्य तेच दिसते.

समुद्रकिनाऱ्यावर वाळूत सायकल चालते का?

चालते, पण फक्त ओहोटीला आणि फक्त ओल्या, दाबलेल्या पट्ट्यावर. वेळसांवपासून मोबोरपर्यंत साष्टीचा किनारा जवळजवळ सलग आहे. उतोर्डा, माजोर्डा, कोलवा, बाणावली, वार्का असा पट्टा सकाळी मोकळा असतो.

भरतीचे गणित असे. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या. दर दिवशी वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असते, भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या घरात जातो, आणि ओहोटी पहाटे व संध्याकाळी येते. म्हणजे वाळूवर जायला हेच दिवस योग्य. अष्टमीच्या सुमारास भांग असते, पाणी फारसे हटत नाही आणि ओहोटीही भर दुपारकडे सरकते. त्या आठवड्यात वाळूचा नाद सोडा. दोन ओहोट्यांपैकी एक दुसरीपेक्षा जास्त खोल जाते, म्हणून मुरगाव बंदराच्या वेळापत्रकात वेळेसोबत उंचीचा आकडाही बघा. खोल ओहोटीच्या दीड तास आधी उतरा, एक तासानंतर वर या.

टायरची हवा कमी करावी लागते. २.२ इंची टायरला १८ ते २२ पीएसआय, ४० मिलिमीटरच्या हायब्रिडला ३० ते ३५. रोडबाईकचे पातळ टायर वाळू कापतात, नेऊ नका. परत डांबरावर येण्याआधी हवा भरली नाही तर पहिल्याच खड्ड्यात रिमखाली दबून ट्यूबला दोन समांतर चिरा पडतात.

मधेमधे ओहळ समुद्राला मिळतात. पाणी घोट्याच्या वर असेल तर उतरून उचलून न्या. मोबोरला साळ नदीचे मुख लागते, तिथे थांबा. ओहोटीला उथळ दिसले तरी प्रवाह ओढून नेतो.

कासवांच्या किनाऱ्यांचे काय?

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च. कुंपण घातलेल्या घरट्यांपासून दूर राहा, कोरड्या वाळूवर सायकल नेऊ नका, आणि या किनाऱ्यांवर अंधारात हेडलॅम्प लावून धावू नका. पिल्ले उजेडाकडे वळतात आणि समुद्राची दिशा चुकतात.

खाऱ्या हवेत सायकल कशी टिकवावी?

गोव्यात सायकली अंतराने झिजत नाहीत तेवढ्या मिठाने झिजतात. वाळूवरून आल्यावर त्याच दिवशी, शक्य तर तासाभरात, हे करा.

बादलीभर गोड्या पाण्याने मगाने सायकल भिजवा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचे पाणी मचूळ असेल तर नळाचे घ्या. प्रेशरचा फवारा बेअरिंगवर मारू नका, तो ग्रीस काढतो आणि मीठ आत ढकलतो. भांड्याच्या साबणाच्या पाण्याने चेन आणि कॅसेट (मागच्या दातेरी चकत्या) ब्रशने घासा, पुन्हा स्वच्छ पाणी, मग सायकल दोन-तीनदा हलकेच आपटून पाणी झटका. फडक्याने पुसून सावलीत अर्धा तास वाळवा. चेनच्या प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल, पेडल उलटे फिरवत. दहा मिनिटांनी बाहेरचे सगळे तेल पुसून टाका. बाहेर राहिलेले तेल वाळू धरते आणि चेनला कानशीसारखे घासते. डिस्क ब्रेक असेल तर तेलाच्या वेळी रोटर (ब्रेकची चकती) फडक्याने झाका. रोटरवर रात्रीत आलेला नारिंगी थर दोन-तीन ब्रेक मारल्यावर जातो, त्याची चिंता नको.

दर तीन महिन्यांनी सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) आणि पेडल काढून दांड्याला आणि पेडलच्या आट्यांना ग्रीस लावा. हे टाळले तर अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट फ्रेममध्ये असा चिकटतो की कापूनच काढावा लागतो. डावे पेडल उलट्या आट्यांचे असते, घड्याळाच्या दिशेने सुटते. पावसाळ्यानंतर ब्रेक आणि गिअरच्या आतल्या तारा बदला.

चेन बदलायची वेळ कशी ओळखावी?

स्टीलची पट्टी घ्या. एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या २४ व्या पिनेच्या मध्यापर्यंत नवी चेन ३०४.८ मिलिमीटर भरते. दीड मिलिमीटर वाढली की ११ आणि १२ गिअरवाल्यांनी बदलावी. १० किंवा कमी असतील तर सव्वादोन मिलिमीटरपर्यंत थांबता येते. पुढे रेटले तर कॅसेटही जाते, आणि ती चेनच्या कितीतरी पट महाग.

दक्षिणेचा किनारी रस्ता अवघड आहे का?

मडगाव, असोळणा, बेतुल, काब द राम, आगोंद, पाळोळे. अंतर पन्नास किलोमीटरच्या घरात, पण बेतुल सोडल्यावर सपाटी संपते. चढ लांब नाहीत, खडे आहेत, आणि एक संपला की लगेच उतार, वळण, पुन्हा चढ. पुढे ३४ दात्यांची चकती आणि मागे ३२ किंवा ३४ असेल तर बसून चढता येतो. उतारांवर वळणाच्या आधी ब्रेक मारा, वळणात नाही. जांभ्याची बारीक खडी डांबरावर सांडलेली असते आणि चाक तिच्यावर मण्यांसारखे घसरते. काब द रामच्या सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) सावली अजिबात नाही आणि पाणी मिळेलच असे नाही. बेतुलला दोन्ही बाटल्या भरून घ्या.

चोर्ला घाट?

दहा किलोमीटरांहून अधिक सलग चढ, सत्तरीतल्या केरीच्या पुढे अंजुणे धरण मागे पडले की सुरू. गोवा-बेळगाव वाहतुकीचे ट्रक आणि बस इथूनच जातात, म्हणून साखळीहून उजाडता निघा. वरून येताना रिम ब्रेकवाल्यांनी सतत ब्रेक धरून ठेवू नये, रिम तापून ट्यूब फुटते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. घाटात धुके उतरले की दिवसाही लाल दिवा चालू.

पावसाळ्यात बाहेर पडावे का?

हो, काही गोष्टी सांभाळून. टायरची हवा नेहमीपेक्षा ५ ते १० पीएसआय कमी. मडगार्ड दोन्ही. सावलीतल्या गल्ल्यांत, दोन्हीकडे चिऱ्याच्या भिंती असतात तिथे, डांबरावर हिरवा थर येतो. तो कोरडा दिसला तरी निसरडाच. पांढरे पट्टे, पुलाचे लोखंडी सांधे, रेल्वेचे रूळ काटकोनात आणि ब्रेक न लावता ओलांडा. रात्री गुरे कोरड्या डांबरावर येऊन बसतात. पाणी साचलेल्या रस्त्यात खड्डा दिसत नाही, तिथे पुढच्या वाहनाच्या चाकाची रेघ धरा. ब्रेक पॅड या चार महिन्यांत एरवीच्या दुपटीने तपासा, मिलिमीटरभर उरले की बदला.

पायाला जखम असेल तर शेतातल्या साचलेल्या पाण्यातून धावू नका, लेप्टोस्पायरोसिस तिथून होतो. पावसाळ्याच्या आधी-नंतर ढग गडगडू लागले की सडा आणि किनारा दोन्ही सोडा. उघड्यावर सगळ्यांत उंच तुम्हीच असता. धबधब्यांकडे जाणाऱ्या वाटा वनखाते परिस्थितीनुसार बंद करते, तसा फलक असेल तर परत फिरा.

धावायला कुठले बूट?

पक्क्या रस्त्याला नेहमीचे. लाल चिखलाच्या वाटेला ४ ते ५ मिलिमीटर खोल दात्यांचे. ओल्या जांभ्याच्या कातळावर मात्र खोल दाते उलट घसरतात, तिथे पाऊल लहान टाका. दमट हवेत बूट एका रात्रीत वाळत नाहीत: दोन जोड आलटून पालटून वापरा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दोन तासांनी बदला.

वाळूवर अनवाणी धावायचे तर पहिल्या आठवड्यात १० मिनिटांपेक्षा जास्त नको, पोटऱ्या आणि टाच धरतात. किनारा समुद्राकडे कललेला असतो, त्यामुळे जितके एका दिशेने धावाल तितकेच परत त्याच पट्ट्यावरून या. मांड्या आणि बगलांना खोबरेल तेल अर्धा तास टिकते, व्हॅसलीन त्याहून बराच वेळ.

जंगलातल्या वाटा, साप, गोचीड?

मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव आणि बोंडला हे संरक्षित भाग आहेत, आत जायला वनखात्याची परवानगी लागते. दूधसागरला रेल्वेच्या रुळांवरून चालत जाण्यास बंदी आहे. तांबडी सुर्ल्याच्या कदंबकालीन महादेव मंदिरापर्यंत मात्र चांगला रस्ता आहे आणि सायकलला तो रमणीय आहे. वाटेत गवा उभा दिसला तर थांबा, लांबच राहा, तो गेल्यावरच निघा.

सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा ताप गोचिडांमुळे पसरतो, मुख्यतः डिसेंबर ते मे. पालापाचोळ्यावर बसू नका, लांब मोजे घाला, परतल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, काखेत तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा, तेल किंवा आग लावू नका. आठवडाभरात ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचे आवर्जून सांगा.

जांभ्याच्या दगडांत फुरसे दडून बसते. भिंतीवर, दगडावर न बघता हात टेकू नका. चावा झाला तर धावू नका, कापू-चोखू नका, आवळपट्टी नको. तो अवयव स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा.

कुत्रे मागे लागले तर?

सायकलवर असाल तर वेग वाढवण्याऐवजी उतरा आणि सायकल मधे धरा, बहुतेक कुत्री तिथेच शांत होतात. धावत असाल तर चाला. चावा किंवा ओरखडा झाल्यास वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. गोव्यात रेबीज आटोक्यात आला आहे म्हणून लस टाळू नका.

भाड्याची सायकल घेताना काय बघावे?

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, मागचे चाक उचलले गेले पाहिजे. सीट वर-खाली होते का ते स्वतः करून बघा. गंजून अडकलेली असेल तर घेऊ नका, चुकीच्या उंचीने ३० किलोमीटरमध्ये गुडघा दुखतो. टायरच्या बाजूला बारीक भेगा, चेनवर लाल गंज, चाकात डुगडुग यांपैकी काही दिसले तर दुसरी मागा.

सोबत काय बाळगावे?

दोन ट्यूब, ठिगळे, टायर काढायचे दोन लिव्हर, पंप, अ‍ॅलन चाव्या, तुमच्या चेनला बसणारी क्विक लिंक (चेन जोडायची कडी), आणि टायर फाटला तर आतून लावायला जाड प्लास्टिकचा तुकडा. किनारी गावांत पंक्चरचे मुख्य कारण फुटक्या बाटल्यांची काच. ट्यूब बदलताना टायरच्या आत बोट सावकाश फिरवा. काच तशीच राहिली तर दुसरी ट्यूबही दहा मिनिटांत जाते. स्कूटरची पंक्चरची दुकाने गावोगाव आहेत, पण प्रेस्टा व्हॉल्व्हला (सायकलच्या बारीक व्हॉल्व्हला) त्यांचा पंप बसत नाही. छोटा पितळी अ‍ॅडॅप्टर जवळ ठेवा.

वाटेत काय खावे?

दीड तासापुढे दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. एक मध्यम केळे साधारण २५ ग्रॅम. पोदेराकडचा ताजा उंडो किंवा पोळी (दोन्ही पावाचेच प्रकार) उत्तम. गावातल्या हॉटेलातली पातळ भाजी आणि पाव फेरा संपल्यावर घ्या, चढाआधी तिखट-तेलकट पोटात राहते. जत्रेतले खाजे खिशात न्यायला सर्वांत सोयीचे: बेसन, गूळ, आले, तीळ. उन्हात वितळत नाही.

उष्माघात कसा ओळखावा?

सोबत्याचे बोलणे विसंगत झाले, तो अडखळू लागला, चिडचिड करू लागला की तोच इशारा. घाम थांबण्याची वाट पाहू नका, घाम येत असतानाही उष्माघात होतो. सावलीत घ्या, कपडे सैल करा, मिळेल तेवढे पाणी अंगावर ओता आणि वारा घाला. बर्फ मिळाला तर मान, काख, जांघेत. भान पूर्ण नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आधी थंड करणे सुरू करा, १०८ ला फोन दुसऱ्याने करावा.

स्पर्धेत उतरायचे आहे, कुठून सुरू करू?

धावणाऱ्यांसाठी चिखलीची गोवा रिव्हर मॅरेथॉन झुआरीकाठच्या रस्त्यांवर होते. मिरामारला २०१९ मध्ये आयर्नमॅन ७०.३ प्रथम भरली: १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे. लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांनी ब्रेव्हेकडे वळावे. २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटे, ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४० तास मिळतात. तिथे क्रमांक लावत नाहीत, मुदतीत पोहोचणे एवढेच. पहिल्या २०० च्या आधी दोन महिन्यांत एकदा १२० आणि एकदा १५० किलोमीटर, दोन्ही वेळा दुपारच्या उन्हात शेवट होईल असे चालवून बघा. प्रत्यक्ष ब्रेव्हेत दुपारचे बारा ते चार हेच तास सर्वांत जड जातात.